सांगितलं, मग पुढे?

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून अदालत रोडला वळलं की काळे कोट दिसू लागतात. जिल्हा न्यायालय जवळच. चौकात मोर्चा असेल तर घोषणा, नसेल तर जालना रोडची वाहतूक, आणि भिंतींवर, विजेच्या खांबांवर 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' सांगणारी चिटोरी. फोन नंबर मोठा, पत्ता बारीक. तारखेला आलेली माणसं त्या चिटोऱ्यांकडे बघत नाहीत, निदान बघताना दिसत नाहीत. पण त्यांतल्या काहींच्या दाव्यात तोच विषय वकिली थाटात मांडलेला असतो: सामनेवाल्याने लग्नाच्या वेळी आजार लपवून ठेवला.

हे लपवणं गुन्हा आहे का? शरीरसंबंधातून पसरणारा आजार आपल्याला आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने जोडीदाराला ते सांगितलंच पाहिजे, असं आपला कायदा म्हणतो का? ओळखीच्या वकिलांना विचारून पाहा. कोणी 'अर्थातच' म्हणेल, कोणी 'तसं थेट कलम नाही' म्हणेल, आणि एखादा सावधपणे 'एचआयव्ही असेल तर बघावं लागेल' असं उत्तर देईल. सावध माणूस सत्याच्या सगळ्यांत जवळ आहे, पण तोही पोचलेला नाही. गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाचं उत्तर अनेकदा बदललं आणि दर बदलात कोणी ना कोणी हिशेबातून सुटलं. बहुतेक वेळा सुटली ती बायको.

क्रांती चौकातल्या काळ्या चबुतऱ्यावर १८५७ च्या बंडातल्या शिपायांना मारलं गेलं. त्यानंतर तीनच वर्षांनी ब्रिटिशांनी भारतीय दंड संहिता आणली. हे शहर तेव्हा निजामाच्या मुलखात, पण आज अदालत रोडवर जी भारतीय न्याय संहिता चालते ती त्या १८६० च्या ग्रंथाचीच पुढची आवृत्ती आहे. त्यातली दोन कलमं, २६९ आणि २७०. जिवाला धोकादायक असलेल्या रोगाचा संसर्ग पसरेल असं निष्काळजी कृत्य केलं तर सहा महिने कैद, दुष्ट हेतूने केलं तर दोन वर्षं. नव्या संहितेत हीच कलमं २७१ आणि २७२ या आकड्यांखाली आली आहेत. वाचताना डोळ्यांपुढे पटकी आणि देवी येतात. १८८३ च्या सुमाराला मद्रास हायकोर्टाने कलम २६९ वापरलं तेही पटकीसाठीच. पटकी झालेला माणूस रेल्वेच्या लोकांना न सांगता गाडीत बसला, म्हणून तो दोषी ठरला.

मग १८८६ साली मुंबई हायकोर्टापुढे राणी सरकार विरुद्ध रखमा हा खटला आला. रखमा वेश्या होती. तिला गरमी झालेली होती आणि तिच्याकडे आलेल्या पुरुषाला ती लागली. कोर्टाने तिला कलम २६९ खाली दोषी धरलं नाही. संसर्ग पसरला तो एकट्या तिच्या कृत्याने नव्हे, मध्ये त्या पुरुषाचं स्वतःचं कृत्य आहे आणि तोही त्याला जबाबदार आहे, असा एकूण युक्तिवाद. तिने 'मी निरोगी आहे' असं खोटं सांगून त्याला भुलवलं असेल, तर फसवणुकीचा खटला भरता येईल, एवढी एक खिडकी उघडी ठेवली.

आगगाडीतल्या उतारूला आपल्या शेजाऱ्याचा आजार कळण्याचा हक्क, पण रखमाकडे आलेल्या गिऱ्हाइकाला नाही. का, तर तो आपल्या पायांनी चालत आला होता. मला या निकालात बरंचसं शहाणपण दिसतं. दोन माणसांच्या कृत्यात काळजीची जबाबदारी दोघांची, हे एका वसाहतीच्या न्यायालयाने एका वेश्येच्या बाबतीत म्हणावं, तेही सरकार तिच्यासारख्या बायकांची सक्तीने तपासणी करत असताना, ही लहान गोष्ट नाही. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्यांची नोंदणी, तपासणी आणि लॉक हॉस्पिटलमध्ये डांबणं चालू होतं. त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषाला विचारायचं मात्र कोणाच्या मनातही नव्हतं. तो कायदा १८८८ मध्ये गेला.

पण रखमाच्या निकालातलं शहाणपण एकाच जागी चालतं: जिथे समोरच्याला न येण्याची मुभा होती.

त्याच वर्षी, त्याच हायकोर्टात, नावाने जवळजवळ तिचीच जुळी असलेल्या दुसऱ्या बाईचा दावा गाजत होता. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेली, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढलेली, शिकलेली रखमाबाई नांदायला जायचं नाही म्हणत होती. नवऱ्याने १८८४ साली नांदायला ये म्हणून दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, १८८६ मध्ये अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी एक महिन्यात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम केला. टिळकांच्या 'केसरी'ने पिन्हींच्या निकालावर तोफ डागली होती. पुढे १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेत, राजकोटला त्यांनी हयात काढली. ती गोष्ट बहुतेकांना माहीत आहे.

माहीत नसते ती तिच्या मागची एक कायदेशीर वाट. महारोग किंवा गरमीसारखा किळसवाणा रोग नवऱ्याला असेल तर बायकोला नांदायला नकार देता येतो, हे मुंबई हायकोर्टाने १८६० च्या दशकातच मान्य केलं होतं. म्हणजे बायकोला नकाराचा हक्क अगदीच नव्हता असं नाही. रखमाबाईसारखं नुसतं 'मला नको' चालत नव्हतं. नकाराला कारण लागे आणि कारण कोर्टात सिद्ध करावं लागे. आता हे दोन नियम शेजारी ठेवून बघा. नवऱ्याचा रोग सिद्ध करता आला तरच बायको सुटणार, आणि तो रोग तिला सांगण्याचं बंधन नवऱ्यावर कुठेच नाही. तिला कळणार कधी, तर स्वतःला झाल्यावर.

साहेबाच्या देशातही फार वेगळं नव्हतं. १८८८ मध्ये क्लॅरन्स नावाच्या नवऱ्याने, परमा झाल्याचं ठाऊक असताना, बायकोला तो दिला. खालच्या कोर्टात झालेली शिक्षा तिथल्या न्यायाधीशांनी नऊ विरुद्ध चार अशा बहुमताने रद्द केली. मुंबईची रखमा सुटली ती गिऱ्हाइकाने स्वतः निवड केली होती म्हणून. लंडनचा क्लॅरन्स सुटला तो बायकोने लग्नातच एकदाची संमती दिली आहे असं धरून. त्या निकालाची पकड तिथल्या कोर्टांनी पूर्णपणे सोडवायला २००४ उजाडावं लागलं.

आपल्याकडे यानंतर विषय फौजदारीतून लग्नाच्या कायद्यात सरकला. पारशी विवाह कायद्याने १९३६ मध्ये जोडीदाराला गुप्तरोग देणं हे घटस्फोटाचं कारण मानलं. १९३९ च्या कायद्याने मुस्लिम स्त्रीला नवऱ्याच्या अशा रोगावरून लग्न मोडण्याची वाट दिली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने संसर्गजन्य गुप्तरोग हे कारण घेतलं खरं, पण रोग तीन वर्षं असला पाहिजे अशी अट घातली. तीन वर्षं! आजार लागण्यासारखा आहे हे कायद्याला मान्य, आणि तरी बायकोने तीन वर्षं थांबायचं. ही अट १९७६ मध्ये निघाली. त्याच दुरुस्तीत, महत्त्वाची गोष्ट लपवून लग्नाची संमती मिळवली असेल तर लग्न रद्द करून मागता येईल, असा शब्दप्रयोग कलम १२ मध्ये आला. मात्र लपवल्याचं कळल्यापासून वर्षाच्या आत कोर्ट गाठायचं. अदालत रोडवरच्या 'आजार लपवला' या वाक्याचा जन्म इथला.

पारशी कायद्याचा अपवाद सोडला तर हे सगळे कायदे रोग 'असण्याकडे' बघतात, 'देण्याकडे' नाही. रोगी माणूस म्हणजे खोट निघालेला जोडीदार. त्याला परत करता येतो. या विचाराला आपल्या लग्नाच्या बाजाराची चांगलीच साथ आहे. बायोडाट्यात उंची, गोत्र, पगार, बागायती किती आणि जिरायती किती, मुलगा निर्व्यसनी, सगळं असतं. पोहे खाता खाता 'रक्त तपासलंय का' हे विचारायचं कोणी? मुलीच्या बापाने विचारलं तर तो सोयरीक मोडायला बसला आहे असंच समजलं जाईल. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'मधून या विषयावरची लाज उतरवत होते. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यांचा भर कबुलीवर नव्हता, बचावावर होता. कायद्याला तिथपर्यंत यायला आणखी नव्वद वर्षं लागली, आणि वाटेत एचआयव्ही आला.

एचआयव्ही आल्यावर कायदा आधी घाबरला. गोव्यात १९८९ साली रक्तदानानंतर एचआयव्हीबाधित आढळलेल्या डॉमिनिक डिसूझाला पोलिसांनी उचललं आणि ६४ दिवस एका जुन्या इमारतीत एकटं ठेवलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद करून ठेवलेली होती. त्याच्या आईने दाद मागितली, पण मुंबई हायकोर्टाने ती तरतूद उचलून धरली. त्याच हायकोर्टाने १९९७ मध्ये मात्र एचआयव्ही असलेल्या एका मजुराला कामावरून काढणं बेकायदा ठरवलं, आणि त्याचं नाव झाकून त्याला नुसतं 'एमएक्स' म्हटलं. आठ वर्षांत एवढा फरक पडला.

मग २१ सप्टेंबर १९९८. सर्वोच्च न्यायालयापुढे एका डॉक्टरचं प्रकरण होतं. रक्त देताना तो बाधित आढळला, गोष्ट हॉस्पिटलातून बाहेर गेली, ठरलेलं लग्न मोडलं, गावाने त्याला वाळीत टाकलं. त्याने हॉस्पिटलवर गोपनीयता मोडल्याचा दावा केला. न्यायालय म्हणालं, खाजगीपणाचा हक्क आहे, पण होणाऱ्या बायकोच्या जिवाचा हक्क त्याहून वरचा. इथपर्यंत कोणाचं फारसं दुमत होणार नाही. पण न्यायालय तिथे थांबलं नाही. असा आजार असलेल्या माणसाचा लग्नाचा हक्कच निलंबित राहतो आणि त्याने लग्न केलं तर तेच कलम २६९ आणि २७० लागेल, असंही लिहून गेलं. हे कोणी विचारलंच नव्हतं. होणाऱ्या बायकोला सगळं सांगितलं आणि तरी ती लग्नाला तयार झाली तर काय, याला त्या निकालात जागाच नव्हती. गंमत म्हणजे त्याच महिन्यात, ३ सप्टेंबरला, कॅनडाचं सर्वोच्च न्यायालय दुसऱ्या टोकाला गेलं होतं: एचआयव्ही न सांगता संबंध ठेवले तर समोरच्याची संमती फसवणुकीची ठरते आणि तो गंभीर हल्ला होतो. एका न्यायालयाच्या मते माणसाने सांगायला हवं होतं, दुसऱ्याच्या मते त्याने लग्नच करायला नको होतं. आपल्या न्यायालयाने १० डिसेंबर २००२ रोजी, मोठ्या पीठापुढे, लग्नाबद्दलचं ते भाष्य अनावश्यक होतं असं म्हणून मागे घेतलं.

एचआयव्ही-एड्स कायदा संसदेने एप्रिल २०१७ मध्ये केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याचं कलम १० मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वाचावं लागलं. ज्याला समुपदेशन मिळालं आहे किंवा आजार कसा पसरतो हे ठाऊक आहे, अशा बाधिताने इतरांना लागण होऊ नये म्हणून वाजवी ती सगळी काळजी घ्यावी. या काळजीत धोका कमी करणारे उपाय येऊ शकतात, किंवा संबंधाआधी आपली स्थिती सांगणं येऊ शकतं. 'किंवा' आहे, 'आणि' नाही. म्हणजे कर्तव्य आहे ते न पसरवण्याचं, आणि सांगणं ही त्याची एक वाट. ते मोडलं तर काय, याची शिक्षा या कायद्यात नाही. आणि त्यालाच जोडून परंतुक: सांगितल्याने मारहाण होईल, घराबाहेर काढतील, अशी सबळ भीती असलेल्या स्त्रीला हे बंधन लागू नाही. कलम ९ डॉक्टर आणि समुपदेशकाला जोडीदाराला सांगण्याची परवानगी देतं, तीही आधी रुग्णाची समजूत काढून, तो सांगणार नाही याची खात्री करून आणि 'आता मी सांगणार आहे' असं त्याला कळवून. तिथेही स्त्रीच्या जिवाचा तोच अपवाद.

हा अपवाद कशासाठी, हे घाटी दवाखान्यात किंवा जिल्ह्यातल्या कुठल्याही तपासणी केंद्रात बसणाऱ्या समुपदेशकाला समजावून सांगावं लागत नाही. गरोदरपणात बाईचं रक्त तपासलं जातं, नवऱ्याचं नाही. त्यामुळे घरात पहिला रिपोर्ट तिचा येतो. आजार कोणी आणला हे रक्त सांगत नाही, पण सासरचा निकाल तयार असतो: 'हिनेच आणला.' ट्रकवरून, ऊसतोडीच्या फडावरून किंवा मुंबईहून परतलेला नवरा कागदोपत्री निरोगी राहतो, कारण त्याने तपासणी केलेलीच नसते. आता सांगण्याच्या सक्तीचं फौजदारी कलम इथे लावून बघा. असं कलम उभं राहतं 'ठाऊक असण्यावर'. ठाऊक कोणाला? तिला. न तपासणारा सुटतो, तपासलेली अडकते. न सांगणाऱ्याला तुरुंगात टाका, अशी मागणी दर काही वर्षांनी होते. ती करणारे सहसा मुलीच्या बाजूने बोलत असतात, आणि त्या कलमाखाली पहिली सापडेल ती मुलगीच.

विज्ञानानेही कर्तव्याचं वजन सांगण्यावरून काळजीवर ढकललं. पुण्यात भोसरीला, आता नाव बदललेली, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आहे. जोडप्यात एक बाधित आणि दुसरा निरोगी, अशा १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत एक मोठा अभ्यास झाला, त्यात पुण्याची जोडपीही होती. २०११ मध्ये निष्कर्ष आला: औषध लवकर सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. पुढच्या अभ्यासांनी दाखवलं की रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरला नसेल तर तो शरीरसंबंधातून पोचतच नाही. कॅनडाने २०१२ मध्ये आपला नियम थोडा सैल केला तो या दिशेने. नेमाने गोळ्या घेणारा माणूस जोडीदाराचं रक्षण करतोच आहे, मग त्याने तोंड उघडलं असो वा नसो. नैतिकदृष्ट्या त्याने सांगावं असं मला वाटतं. पण त्यासाठी पोलीस बोलवावेत असं वाटत नाही.

इथे एक विचित्र फट राहिली आहे. हा सगळा सूक्ष्म विचार फक्त एचआयव्हीसाठी झाला. गरमी, परमा, जननेंद्रियांवरची नागीण यांना तो लागू नाही. त्यांच्यासाठी आजही १८६० ची ती दोन कलमं, नव्या आकड्यांखाली, आणि रखमाचा निकाल. सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये परम्याच्या लक्षणांवर करड्या रंगाचं किट नंबर एक मिळतं. त्यात अझिथ्रोमायसिन एक ग्रॅम आणि सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम, एकदाच घ्यायचं. जोडीदाराने घेतलं नाही तर आठवड्याभरात आजार परत, म्हणून त्याच्यासाठीही किट देतात. बाईच्या हातात ते दुसरं पाकीट पडतं आणि ती विचारते, 'मालकाला कशाची गोळी म्हणून देऊ?' कायद्याला या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नाही. तिने 'अंगावरून जातंय, दोघांनी घ्यायचीय' म्हणून दिली, तर तिने सांगितलं की लपवलं? माझ्या लेखी तिने जे करायचं ते केलं. कलम १० चा साचा, न पसरवण्याचं कर्तव्य आणि जिवाला भीती असणारीला सूट, या बाकीच्या आजारांनाही लावायला काय हरकत आहे?

आणि तरी हा साचाही अर्धाच आहे. तो सांगणाऱ्याच्या जिवाचा विचार करतो, ऐकणाऱ्याच्या नाही. नवऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं, 'मला आजार आहे.' बायकोने ऐकलं. मग पुढे? माहेरी जावं, तर घटस्फोटाचं कारण तिच्या हातात आहे. घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मागता येतं. पण त्याच घरात राहून, त्याच रात्री ती नाही म्हणाली आणि त्याने ऐकलं नाही, तर त्याला आपला कायदा बलात्कार म्हणत नाही. बायको अठरा वर्षांवरची असली की नवऱ्याला दिलेला तो अपवाद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही कलम ६३ मध्ये कायम आहे. दिल्ली हायकोर्टाचे दोन न्यायमूर्ती मे २०२२ मध्ये त्यावर दोन दिशांना गेले आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोचला. नांदायला ये म्हणून दावाही हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली आजही लागतो. तुरुंग गेला एवढंच. रखमाबाईंना कारण सिद्ध करावं लागत होतं. आजच्या बाईला कारण आयतं हातात मिळालं, तरी त्याच्या जोरावर त्या खोलीत नाही म्हणण्याची ताकद तिच्याकडे येत नाही.

सांगण्याने खरोखर काही बदलतं अशी एक जागा मला मराठवाड्यातच सापडते. लातूरजवळ हासेगावच्या सेवालयात एचआयव्हीसह वाढलेल्या मुलामुलींची लग्नं लागतात. राज्याच्या परिवहन खात्यातल्या एका अधिकाऱ्याने बाधितांसाठी 'पॉझिटिव्ह साथी' नावाचं विवाह संकेतस्थळ चालवलं. तिथे आजार ही बायोडाट्यातली पहिली ओळ असते, आणि स्थळ नाकारणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही. तिथेही चौकशी होतेच: औषध कुठल्या केंद्रातून, गोळ्या वेळेवर घेतो का, विषाणूचा शेवटचा रिपोर्ट कधीचा. हे सगळं मुलीकडचे विचारतात आणि मुलगाही विचारतो. आमच्याकडच्या निरोगी स्थळांच्या बैठकीत एवढं मोकळं बोलणं अजून सुरू व्हायचंय.